आईच्या बोलीतला 'दिसतंय'चा लोप

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोज पाच पानं. सबब चालणार नाही.

काल माझ्या मार्गदर्शक मादाम फेरूजांचा फोन आला होता. थीसिसचं हे अकरावं वर्ष आहे, अशी त्यांनी आठवण करून दिली. मी विसरलो असेन असं त्यांना का वाटलं, कळत नाही. शेवटची मुदत ३१ जानेवारी. त्याआधी ११ जानेवारीला, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, येन्नायरच्या आदल्या दिवशी, तिझी शहरात अभ्यासकांची बैठक आहे. तिथे मी एक चॅप्टर वाचायचा. नाही वाचला तर त्या माझं नाव काढून टाकणार. हे सगळं त्या फार प्रेमळ आवाजात बोलल्या. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

विषय: आमच्या डोंगराळ भागातल्या काबिल भाषेतली बघण्या-ऐकण्याची क्रियापदं.

योजना: पावणेसात ते सव्वासात आईबरोबर बैठक. मग शाळा. संध्याकाळी लेखन. आई माझी मुख्य निवेदक, म्हणजे जिच्या तोंडची भाषा नोंदवायची ती. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, फ्रेंच शून्य, अरबी नमाजापुरती. इतकी निर्भेळ भाषा आता मिळत नाही. लोक त्यासाठी डोंगरडोंगर फिरतात. मला ती घरातच मिळाली.

'संशोधकाचा पहिला गुण म्हणजे निरीक्षण.' हे वाक्य प्रस्तावनेत घालणे.

पानं: ०. आज नियोजन झालं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
पहिली खरी बैठक. आई उंबऱ्याशी मेंढीच्या कातड्यावर बसली, मी समोर स्टुलावर, मध्ये रेकॉर्डर. विचारलं, समोरचा डोंगर दिसतो का. म्हणाली, झ्रीघ.

हा शब्द म्हणजे सोन्याची खाण आहे. सरळ अर्थ 'मी पाहिलं'. पण बोलण्यात होतो 'मला ठाऊक आहे'. आमच्याकडे पाहिलं ते ठाऊक झालं, दोन्हीला एकच क्रियापद. आत्ता, या घटकेला डोळ्यांना दिसतंय असं म्हणायचं तर वेगळा शब्द: त्वालीघ. या दोन शब्दांमधल्या फटीवर माझा अख्खा थीसिस उभा आहे.

फॉर्मवर 'डोंगर दिसतो' यापुढे टिक केली.

मग विचारलं, शिखरावर बर्फ आहे का. म्हणाली, ऑक्टोबरात कसलं बर्फ, मास्तर ना रे तू. बरोबर आहे. बाई तल्लख आहे.

पानं: ०. बैठक लांबली.

२३ ऑक्टोबर, बुधवार
कुसकुसात मीठ दोनदा पडलं. माझ्या बायकोचं, जेजिगाचं म्हणणं, पहिल्यांदा मी घातलं, आईंच्या समोर घातलं, तरी त्यांनी परत घातलं. मी म्हणालो, स्वयंपाकघरातल्या गोष्टी दोघींनी आपसात बोलून ठरवत जा. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुझ्याशी बोलण्यापेक्षा विहिरीशी बोललेलं बरं, विहीर निदान माझा शब्द तरी परत करते.

वाक्य सुंदर आहे. ऐकण्याच्या चॅप्टरला घेतलं. उदाहरण क्र. ४७. जेजिगाला तसं सांगितलं. तिने ताट उचललं आणि गेली. तिला माझ्या कामात पहिल्यापासून रस नाही.

पानं: दीड. त्यातलं एक समर्पणपत्रिकेचं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी दारात उभा राहिलो. आई म्हणाली, कोण. मी गप्प. निवेदकाच्या सहज बोलण्यात ढवळाढवळ करू नये, असा नियम आहे. ती पुन्हा म्हणाली, कोण आहे ते, बोला की. मी तसाच. मग म्हणाली, मेझियान आहेस, तुझा श्वास ऐकला.

श्वास ऐकला! माणूस ओळखायचा तर बघण्याचं क्रियापद नाही, ऐकण्याचं.  तिथेच टीप लिहिली.

पुढे म्हणाली, चोरासारखा दारात उभा राहत जाऊ नकोस, काळीज थांबलं माझं. हे नोंदवलं नाही. विषयाबाहेरचं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३
मोठा शोध लागला आहे. 

लेक नूनजा कॉलेजातून दोन दिवस घरी आली आहे. आई म्हणाली, इकडे ये, तुला बघू दे. आणि दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवले. मी फोनवर व्हिडिओ घेतला. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. सावकाश. मग म्हणाली, वाळलीस गं, तिकडे काय कागद खायला घालतात का.

'बघू दे' म्हणाली आणि हातांनी बघितलं. म्हणजे आमच्या गावच्या जुन्या बोलीत 'बघणे' यात स्पर्श धरलेला आहे. कुठल्याही व्याकरणात हे नाही. कुठल्याही. मी याला नाव दिलं: स्पर्शदर्शन. चॅप्टर चार हाच. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या उंबऱ्यावर बसलं होतं.

नूनजाला विचारलं, आजी पूर्वी असं करायची का. ती म्हणाली, बाबा, आजीचं बोट माझ्या नाकात गेलं. मी म्हणालो, प्रश्नाचं उत्तर दे. ती म्हणाली, बाबा, मला वाटतं आजीला नीट... मी तिथेच थांबवलं. साक्षीदाराने अर्थ लावायचा नसतो, निरीक्षण सांगायचं असतं.

९ नोव्हेंबर, शनिवार
मादामना चार पानांची मेल पाठवली होती. उत्तर दोन ओळींचं. 'रंजक आहे. पण निवेदक एकच? गावातल्या बाकीच्या बायका काय म्हणतात?'

मोठ्या शोधाची सुरुवातीला अशीच उपेक्षा होते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
शेजारच्या नान्ना झहुआकडे गेलो. आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, गावात तिच्या जिभेला सगळे भितात. अंगणात अंजिरं निवडत होती. विचारलं, नान्ना, तुम्ही माणसाला बघता तेव्हा हात लावता का.

ती म्हणाली, काय म्हणालास. मी प्रश्न पुन्हा वाचला. ती म्हणाली, मेझियान, तुझा बाप भला माणूस होता, म्हणून तुला बसू दिलंय. मी म्हणालो, शास्त्रीय प्रश्न आहे. ती म्हणाली, बघायला डोळे असतात, हात असतात ते थोबाडीत द्यायला. मी म्हणालो, पण आमची आई तर हातांनी बघते. त्यावर तिने अंजीर खाली ठेवलं.  मग म्हणाली, मग आईला विचार ना जाऊन, का बघते ते. तुला दोन डोळे दिलेत देवाने, ते काय चष्मा टेकायला.

निष्कर्ष: नान्ना झहुआ माहेरची नदीपलीकडची. बोली भेसळीची. निवेदक म्हणून अपात्र.

पानं: अडीच. चांगला दिवस म्हणायचा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
जेजिगा म्हणाली, आईंना तिझीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, गेल्या वर्षी शेगडी बदलायची म्हटलं तेव्हा बघू, नूनजाच्या खोलीचं छप्पर गळतंय तरी बघू, तू आयुष्यभर बघूच म्हणत आलास आणि एकदाही बघितलं नाहीस.

बघण्याचं क्रियापद टाळाटाळीसाठी. चांगली तळटीप होईल. नोंद केली. पण तिला सांगितलं नाही. शिकतोय मी.

मी आईला शास्त्रशुद्ध तपासलं. तीन बोटं धरली, विचारलं, किती. आई म्हणाली, मला बोटं मोजायला लावतोस, मी तुला मोजायला शिकवलंय, अकरावर अडायचास. मी म्हणालो, तरी सांग. म्हणाली, जा, तुझी शाळा भरेल. आज शुक्रवार, शाळेला सुट्टी. तरी सांगायचा मुद्दा हा की आवाजात जराही गोंधळ नव्हता.

समजा, मोतीबिंदू असला. या वयात सगळ्यांनाच असतो. पिकू द्यावा लागतो, मग काढतात, दुसऱ्या दिवशी माणूस घरी. उलट थांबलेलंच बरं. फेब्रुवारीत नेईन. तेव्हा मी मोकळा असेन, डॉक्टरही असेन. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जाईल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
आकडे मोजले. आजवर आईची २१२ वाक्यं. 'झ्रीघ' ६४ वेळा. ऐकण्याची क्रियापदं ७१. 'त्वालीघ', म्हणजे 'मला दिसतंय', शून्य.

शून्य. दोनदा मोजलं.

म्हणजे वृद्ध स्त्रियांच्या बोलीतून 'दिसतंय' हे क्रियापद नाहीसं होत आहे. भाषा आपल्या डोळ्यांदेखत मरते म्हणतात ती अशी. हा चॅप्टरचा दुसरा भाग.

दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं. आनंदामुळे असावं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑलिव्हची तोडणी. सगळं घर मळ्यात. जेजिगा म्हणाली, आईंना घरी ठेवू. आई म्हणाली, माझ्या सासूने लावलेली झाडं आहेत, मला घरी ठेवणारी तू कोण. गेली. खाली चादरीवर बसली आणि दोन्ही हातांनी फळं पानांतून वेगळी करत राहिली, आम्हा सगळ्यांपेक्षा भराभर. मी जेजिगाला म्हणालो, बघ. ती म्हणाली, हातांकडे नको, तोंडाकडे बघ. आई फळांकडे बघत नव्हती, समोर कुठेतरी बघत होती. सवयीचं काम आहे. मीही फळ्यावर न बघता लिहितो.

जेवणाच्या वेळी आई पाणी प्यायला उठली आणि बांधावरून खाली गेली. पुरुषभर उंची नाही, कमरेएवढीच. मनगट मुरगळलं, कपाळाला खरचटलं. मी सगळ्यात आधी पोचलो. ती म्हणाली, दगड ओला होता. मी म्हणालो, हो, ओला होता. मग हळूच म्हणाली, जेजिगाला सांगू नकोस मी पायरी चुकले म्हणून.

दगड कोरडा होता. म्हणजे सकाळी दव होतं, तेव्हा ओला असणार. दव उशिरापर्यंत राहतं.

आज पानांचा हिशेब नाही.

५ डिसेंबर, गुरुवार
सहा वर्षांपूर्वीच्या टेप काढल्या. तुलना असली की चॅप्टर भक्कम होतो, असं मादाम नेहमी सांगतात.

त्या टेपवर आईने 'त्वालीघ' एकतीस वेळा म्हटलंय. मला वाटेवरून खेचर येताना दिसतंय. मला तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसतंय. पलीकडच्या गावात धूर दिसतोय, कुणाकडे तरी पाहुणे आलेत. एका ठिकाणी म्हणते, मेझियान, तुझा पहिला पांढरा केस दिसतोय, कानामागे, थांब.

एकतीसवरून शून्य.

एकाच माणसाच्या बोलीत सहा वर्षांत एवढा बदल जगात कुणी नोंदवलेला नाही. असं लिहिलं. मग ते खोडलं. मग परत लिहिलं. मुदतीला सत्तावन्न दिवस आहेत आणि माझ्याकडे दुसरा चॅप्टर नाही. एवढं एकच आहे, आणि ते खरं असलंच पाहिजे.

११ डिसेंबर, बुधवार
पुस्तकांची खोकी ओसरीत काढली होती. आई त्यांवर आपटली. खोकी परत आत ठेवली. ओसरी मोकळी असलेली केव्हाही चांगली, नीटनेटकेपणाच्या दृष्टीने. स्टूलही रोज त्याच फरशीवर ठेवतो. खडूने खूण केली आहे.

खोलीत शिरताना हल्ली मी 'मी मेझियान' असं म्हणतो. मुलाखतीच्या आधी निवेदन करण्याची पद्धत आहे.

मुख्याध्यापकांनी विचारलं, तब्येत बरी नाही का, वर्गात तुम्ही मुलांना सारखं विचारताय, फळ्यावरचं दिसतंय ना.

१८ डिसेंबर, बुधवार
जेजिगाने मला न विचारता डॉक्टरची वेळ घेतली. ८ जानेवारी. म्हणजे बैठकीच्या तीन दिवस आधी. मी म्हणालो, आठला कसं जमेल. ती म्हणाली, तू येऊ नकोस, मी नेते. मी म्हणालो, माझ्या आईला मीच नेणार. ती म्हणाली, बरं, आठला ने. 

विचार केला. तिथे गेल्यावर काहीतरी निघणार. म्हातारपणी कुणाचंही काहीतरी निघतंच. मग तीन दिवसांनी मी त्या सभागृहात उभा राहून काय वाचू.

१९ डिसेंबर, गुरुवार. दुपारी १२.२०
शाळेतून दवाखान्यात फोन केला. वेळ पुढे ढकलून घेतली, ४ फेब्रुवारी. फोनवरची मुलगी म्हणाली, तातडीचं नाही ना. मी म्हणालो, नाही.

फक्त चार आठवडे. इतकी वर्षं गेली, चार आठवड्यांनी काय होतंय.

जेजिगाला योग्य वेळी सांगेन.

२ जानेवारी, गुरुवार
आईने मला कॉफी ओतली. कपाशेजारी. चॅप्टर चारच्या छापलेल्या पानांवर.  ती म्हणाली, भरला का. मी म्हणालो, भरला. आणि रिकाम्या कपातून प्यायल्याचा आवाज केला.

 रेकॉर्डर चालू होता. नंतर ऐकलं. माझा फुर्रर्र आवाज आणि पुढे कागदावरून फरशीवर ठिबकणारी कॉफी. आईला ते ठिबकणं ऐकू आलं नसेल हे शक्य नाही.

पानं: वजा अकरा.

७ जानेवारी, मंगळवार
जेजिगाने उद्याची वेळ पक्की करायला फोन केला. तिला कळलं.

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. विचारलं, तू केलास फोन? मी म्हणालो, ऐक, बैठक झाली की... ती म्हणाली, नको. अजिबात बोलू नकोस. मग तिने आपली उशी आणि गोधडी उचलली आणि आईच्या खोलीत अंथरूण घातलं. आईने विचारलं, काय झालं गं. जेजिगा म्हणाली, काही नाही आई, तिकडे थंडी वाजते.

या लग्नाला बावीस वर्षं झाली. यातल्या एकाही वाक्याची नोंद करावीशी वाटत नाही.

आज एक पान झालं नाही. एक वाक्यसुद्धा नाही.

११ जानेवारी, शनिवार. रात्रीचे ८, परतल्यावर
लिहून ठेवतो. क्रमाने.

बैठकीला चाळीसेक माणसं. मी नवा सदरा घातला होता. सुरुवात चांगली झाली. 'झ्रीघ' आणि 'त्वालीघ' समजावलं, माना डोलल्या. आकडे दाखवले, एकतीस आणि शून्य. पुढच्या रांगेतल्या एकाने वहीत टिपून घेतलं. मग पुराव्यादाखल व्हिडिओ लावला, आई आणि नूनजा.

पडदा मोठा होता. घरी फोनवर आई एवढीएवढीशी दिसते. इथे तिचा चेहरा भिंतीएवढा होता. हात नूनजाच्या गालावर आणि डोळे नूनजाच्या खांद्यापलीकडे, कुठेच नाहीत. ती हसत होती. आपण बरोबर जागी बघतोय असं समजून हसत होती.

 व्हिडिओ संपला. मी म्हणालो, तर यावरून असं दिसतं. पुढे काय दिसतं ते मला आठवेना. मादाम फेरूजा उठल्या. माइक घेतला नाही. जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, मेझियान, तुमच्या आईंना दिसतं ना.

मी म्हणालो, पुढची स्लाइड.

पुढच्या स्लाइडवर 'निष्कर्ष' लिहिलं होतं. मी ते वाचलं. सगळं वाचलं, तीन मिनिटं, स्पष्ट आवाजात. कुणी प्रश्न विचारला नाही. चहाच्या वेळी माणसं माझ्याशी फार चांगली वागली. मला बसायला खुर्ची दिली.

बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का तुमच्याकडचं.

१२ जानेवारी, रविवार. येन्नायर
जेजिगाने सात भाज्यांचं कुसकुस केलं, कोंबडी केली. मी सांगितलं, परवा नेतो, वेळेबिळेची वाट न बघता जाऊन बसू. ती म्हणाली, उद्याची मिळवली आहे, काल मी स्वतः जाऊन त्यांच्या दारात उभी राहिले. म्हणजे मी सभागृहात होतो तेव्हा ती तिथून दोन गल्ल्यांवर होती.

आईच्या ताटात कोंबडीचे तुकडे मी करून दिले. आई म्हणाली, आज काय झालंय याला. जेजिगा म्हणाली, भाषण झालं ना काल, दमलाय. माझी बाजू तिने सावरली. का सावरली कुणास ठाऊक.

१३ जानेवारी, सोमवार
मोतीबिंदू नाही. काचबिंदू.

डॉक्टर तरुण मुलगी आहे, नूनजापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. उजवा डोळा पूर्ण गेलेला. डाव्यात नळीतून दिसावं तेवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकवायचं, दिवसातून तीनदा, जन्मभर, एकही चुकवायचा नाही. मी विचारलं, पिकल्यावर काढता येत नाही का. ती म्हणाली, काका, हा पिकत नाही, हा खातो. मी विचारलं, सहा महिने आधी आलो असतो तर. ती म्हणाली, असं बघू नका. मग मी बघतच राहिलो म्हणून म्हणाली, थोडं जास्त राहिलं असतं.

तिने विचारलं, केव्हापासून त्रास आहे, साधारण काही सांगता येईल का, घरच्यांना सहसा सांगता येत नाही. मी पिशवीतून वह्या काढल्या. माणूस आवाजावरून ओळखू लागली, २९ ऑक्टोबर. चेहरा हातांनी चाचपला, १ नोव्हेंबर. पायरी चुकली, २९ नोव्हेंबर. तारखा, वेळा, शब्दशः वाक्यं, सहा वर्षांपूर्वीच्या टेपचे आकडेसुद्धा. ती वाचत गेली. म्हणाली, इतकी तपशीलवार नोंद मी आजवर कुणाकडेच पाहिली नाही. मग पानं मिटली आणि जेजिगाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

अकरा वर्षांत माझ्या कामाचं हे पहिलं कौतुक.

१५ जानेवारी, बुधवार
पावणेसातला उंबऱ्याशी गेलो. रेकॉर्डर घेतला नाही. आई म्हणाली, आज यंत्र नाही का, टकटक ऐकली नाही. मी म्हणालो, काम संपलं. ती म्हणाली, बरा झाला का तुझा निबंध. मी म्हणालो, झाला.

मग विचारलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, डोळे माझे, मला नाही तर कुणाला माहीत असणार. मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस. ती बराच वेळ कातड्याची लोकर बोटांनी उलगडत राहिली. म्हणाली, मागे ते यंत्र घेऊन चार दिवस बसलास ते सोड, लग्न झाल्यापासून तू माझ्यापाशी कधी बसलायस. येताजाता, काय आई, बरी का आई, आणि खोलीत. दार बंद. यंदा रोज यायला लागलास. समोर बसून विचारायचास, हे दिसतं का, ते दिसतं का. मी मनात म्हणायचे, याला कळलंय. हा विचारतोय. आता म्हणेल, मग म्हणेल. पहिले काही दिवस रोज वाटायचं.

मी विचारलं, आणि नंतर.

ती म्हणाली, नंतर कळलं की तू शब्द गोळा करतोयस. मग म्हटलं, असू दे. डोळ्यांचं सांगितलं तर मला डॉक्टरकडे धाडशील आणि तू परत खोलीत. शब्दांसाठी तर शब्दांसाठी, अर्धा तास बसतो तरी.

मी तिथे सव्वासातनंतरही बसलो. शाळेला उशीर झाला. डोंगर कसा दिसतोय ते सांगितलं. बर्फ कुठवर आलंय, ढग कुठे आहे. ती म्हणाली, तू फार भरभर सांगतोस. परत सांग.

२० जानेवारी, सोमवार
मादामना पत्र लिहिलं. चॅप्टर चार मागे घेत आहे, माझं नावही काढावं. त्यांचं उत्तर आलं, नाव ठेवते आहे, आईंची काळजी घ्या, मग बघू. मादामनाही हा शब्द येतो तर.

जेजिगा अजून आईच्या खोलीत झोपते. थेंबांच्या वेळा तिने कागदावर लिहून भिंतीला लावल्या आहेत. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. सकाळचा आणि रात्रीचा ती घालते. दुपारी ती शिवणाच्या वर्गात असते, म्हणून दुपारचा माझ्याकडे. माझी शाळा दीडला सुटते. तिने स्वतःहून दिला आहे. दोन आठवड्यांत तिने माझ्याकडे सोपवलेली ही एकच गोष्ट.

निर्धार: दुपारचा थेंब कधीही चुकवणार नाही. गजर लावला आहे. शिवाय निरीक्षणासाठी वेगळी वही केली आहे. आजवर मी चुकीच्या गोष्टीची नोंद ठेवत होतो. आता योग्य गोष्टीची ठेवणार. थेंब दिल्याची वेळ, डोळ्याची लाली, आईचं म्हणणं, सगळं. महिनाभराने डॉक्टरला दाखवता येईल. कदाचित यावर एक लहानसा लेखसुद्धा.

३१ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३.५०
मुदतीचा दिवस. काहीच वाटलं नाही. उलट हलकं वाटतंय. माणूस बदलू शकतो, यावर माझा आता विश्वास बसला आहे. अकरा दिवस एकही थेंब चुकला नाही. नव्या वहीत रकाने आखले, लाल शाईने, पट्टी लावून, पुढच्या सहा महिन्यांचे. रोज तीन रकाने, शेवटी शेऱ्याला जागा. काम इतकं रंगलं की गजर वाजत होता तो मध्येच बंद करून टाकला.

आत्ता आई दारात आली, भिंतीला हात लावत. म्हणाली, मेझियान, दोन वाजले असतील ना रे.